बीडला जंगल नाही, मग जीवशास्त्रज्ञ कशाला?

'मला वन्यजीवांवर काम करायचंय' असं घरी एकदा सांगून बघा. आधी सगळे हसतील. मग कुणीतरी विचारेल, "आपल्या बीडमध्ये जंगल आहे कुठं?" त्यानंतर एमपीएससीच्या क्लासची चौकशी सुरू होईल आणि विषय तिथंच संपेल. झूलॉजी, बॉटनी घेऊन बीएस्सी करणाऱ्या आपल्यातल्या किती जणांचं असं झालं असेल, ते तुमचं तुम्हीच मोजा.

प्रश्न मात्र चुकीचा नाही. बीड जिल्ह्याचं क्षेत्रफळ सुमारे 10,700 चौरस किलोमीटर. त्यात नावाजलेलं अभयारण्य एकच, पाटोदा तालुक्यातलं नायगाव मयूर अभयारण्य. 1994 मध्ये जाहीर झालं, आकार जेमतेम 30 चौरस किलोमीटर. बाकी सगळं माळरान, कोरडवाहू शेती, बालाघाटचे डोंगर आणि अलीकडं वाढत गेलेला ऊस. ताडोब्यासारखं काही आपल्याकडं नाही, हे मान्यच.

पण जंगल नाही म्हणजे जनावर नाही, असा अर्थ होतो का? काळवीट आपल्या माळावर आहे. लांडगा आहे. बिबट्या तर आहेच, आणि त्याची आठवण आष्टीकरांना करून द्यायची गरज नाही. 2020 च्या नोव्हेंबरमध्ये आष्टी तालुक्यात काही दिवसांच्या अंतराने बिबट्याने तीन माणसं मारली. लोक शेतात जायला घाबरू लागले, तुरी-कापसाची कामं खोळंबली. माणसांवरचे हल्ले पुढं सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्यापर्यंत पोहोचले आणि डिसेंबरमध्ये तिथं बिबट्याला गोळी घालून मारावं लागलं. त्या महिनाभरात लोकांचे प्रश्न साधे होते. जनावर एकच आहे की तीन-चार? हे आलं कुठून? रात्री पाणी द्यायला जायचं की नाही? याची उत्तरं देणं हेच वन्यजीवशास्त्रज्ञाचं काम असतं.

आता दुसरी घटना बघा. 2021 च्या डिसेंबरमध्ये माजलगाव तालुक्यातलं लवूळ गाव देशभर गाजलं. 'माकडांनी कुत्र्यांचा बदला घेतला, अडीचशे पिल्लं मारली' अशा बातम्या चालल्या, मीम्स आले, आपणही ते फॉरवर्ड केले. वनखात्यानं दोन वानरं पकडून नेली. पण तो अडीचशेचा आकडा मोजला कुणी? वानरं पिल्लं उचलून झाडावर, छतावर नेत होती. वर नेलेल्या पिल्लाला ना आईचं दूध मिळतं ना पाणी. ते उपाशी मरतं किंवा पडून मरतं. याला 'सूड' म्हणायला काही आधार नाही, असं अभ्यासक सांगत होते. पण ते ऐकू येईपर्यंत सूडाची गोष्ट जगभर फिरून आली होती. आधीच गावात जाऊन आठ दिवस नोंदी घेणारा एखादा माणूस जिल्ह्यात असता, तर आपलं नाव असं चेष्टेचा विषय होऊन गाजलं नसतं.

थोडक्यात, आपल्याकडं घटना घडतात, मोजणारं कुणी नसतं. मोजणारं कुणी का नसतं, हे समजून घेतलं पाहिजे. आपल्या वनखात्याची रचना वनरक्षक, वनपाल, वनपरिक्षेत्र अधिकारी, सहायक वनसंरक्षक, उपवनसंरक्षक अशी आहे. ही माणसं आग विझवतात, अतिक्रमण बघतात, रोपं लावतात, पंचनामे करतात, कोर्टाच्या तारखांना जातात आणि मधेच बिबट्यासाठी पिंजराही लावतात. निव्वळ अभ्यासासाठी नेमलेला जीवशास्त्रज्ञ हा बहुतेक वेळा व्याघ्र प्रकल्पातच दिसतो. 2006 मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती झाली आणि व्याघ्र प्रकल्पांना स्वतःची प्रतिष्ठानं मिळाली. जीवशास्त्रज्ञ घेतले जातात ते बरेचदा अशा प्रतिष्ठानांतून, तेही कंत्राटावर. राज्यात व्याघ्र प्रकल्प सहा आहेत: मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, सह्याद्री, नवेगाव-नागझिरा आणि बोर. मराठवाड्यात एकही नाही. म्हणजे जिथं वाघ, तिथं अभ्यासक. आपल्या वाट्याला पिंजरा.

गंमत म्हणजे वाघाला हा हिशेब माहीत नाही. यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला एक वाघ शेकडो किलोमीटर चालून 2024 च्या अखेरीस शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात, येडशी रामलिंगच्या अभयारण्यात दिसला. तो टिपेश्वरचाच हे कळलं कसं? प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, आपल्या बोटांच्या ठशांसारखे. टिपेश्वरला कुणीतरी आधी कॅमेरा ट्रॅप लावून फोटो काढून ठेवले होते, म्हणून इथला फोटो तिथल्याशी जुळला. बिबट्याचे ठिपकेही असेच वेगळे असतात. आष्टी परिसरातल्या बिबट्यांचे असे फोटो आधीपासून काढून ठेवलेले असते, तर 'जनावर एकच की अनेक' हा प्रश्न अंदाजावर सोडावा लागला नसता.

आता मुद्दा आपल्या घरचा. बीड म्हणजे ऊसतोड कामगारांचा जिल्हा. दिवाळीच्या सुमारास उचल घेतलेल्या टोळ्या निघतात आणि पुढचे पाच-सहा महिने फडाच्या कडेला कोपीत राहतात. तुमच्यातल्या अनेकांचं लहानपण त्या कोपीत गेलंय, काहींचे आई-वडील आजही जातात. जुन्नर, अकोले, संगमनेरच्या ज्या फडांत ते कोयता चालवतात, तिथंच बिबट्याची मादी पिल्लं घालते. पहाटे अंधारात वाकून ऊस तोडणारी बाई आणि कोपीबाहेर निजलेलं लेकरू, धोका सगळ्यात जास्त यांनाच. बिबट्याचा अभ्यास हा म्हणूनच फोटोग्राफीच्या हौसेचा विषय नाही. तो आपल्या माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे.

आणि अभ्यासानं फरक पडतो, हे सिद्ध झालंय. 2001 नंतर जुन्नर भागात बिबटे पकडून दूरच्या जंगलात सोडायची मोहीम जोरात चालली. वाटलं, प्रश्न मिटेल. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आकडे तपासले, तर उलटंच निघालं. आधी वर्षाला सरासरी 4 हल्ले होत होते, मोहिमेच्या काळात ते सरासरी 17 वर गेले. ओळखीच्या भागातून उचललेलं जनावर नव्या जागी बिथरतं, परत यायला बघतं, आणि रिकाम्या जागेत दुसरा बिबट्या येतो. पुढं अकोले परिसरात कॅमेरे लावून त्यांनी मोजलं, तेव्हा दर 100 चौरस किलोमीटरला सुमारे 5 प्रौढ बिबटे निघाले. तेही जंगलात नाही, उसात आणि वस्त्यांच्या शेजारी! याच समजुतीतून उसात सापडलेली पिल्लं संध्याकाळी त्याच जागी ठेवून मादीला परत घेऊ द्यायची पद्धत रुळली. पिल्लं उचलून नेली की मादी तिथंच चिडून फिरते, आणि तिच्या वाटेत येतो तो ऊसतोड कामगार.

इथं एक आक्षेप येणारच. 'शेतकऱ्याला विम्याचे पैसे मिळत नाहीत, प्यायला पाणी नाही, आणि तुम्ही काळवीट मोजा म्हणताय?' आक्षेप रास्त आहे. सरकारी संवर्धनानं लोकांना दुखावलंयही. 1979 मध्ये माळढोकसाठी सोलापूर-नगरमध्ये तब्बल 8,496 चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. गावंच्या गावं, शेतं, रस्ते सगळं त्यात. जमिनीच्या व्यवहारांवर बंधनं आली आणि माळढोक हा शब्द लोकांना शिवीसारखा वाटू लागला. शेवटी ते 1,222 चौरस किलोमीटरपर्यंत कमी करावं लागलं. तोवर माळढोक महाराष्ट्रातून जवळपास गेलाच होता. आज देशात तो दीडशेच्या आसपास उरलाय आणि राजस्थानात जैसलमेरला अंडी उबवून पिल्लं वाढवावी लागतायत. यातून माझ्या मते धडा हाच, की नकाशावर रेघ मारायच्या आधी कोणतं माळरान खरंच लागतं हे सांगणारा आणि शेतकऱ्याशी त्याच्या भाषेत बोलणारा माणूस हवा. काळवीट मोजल्याशिवाय पिकाच्या नुकसानीचा खरा हिशेबही लागत नाही. मोजणी शेतकऱ्याच्या विरोधात नसते, उलट ती त्याच्या बाजूचा पुरावा ठरू शकते.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. वाघ असो वा नसो, प्रत्येक जिल्ह्याच्या वनविभागात एक वन्यजीवशास्त्रज्ञ कायमस्वरूपी नेमा. 11-11 महिन्यांच्या कंत्राटावर नको. ज्याला पुढच्या वर्षी आपण इथं असू की नाही हेच माहीत नाही, तो दहा वर्षांचा अभ्यास कसा उभा करणार?

पण पद निघेपर्यंत तुम्ही काय करायचं? खोटी स्वप्नं दाखवत नाही. जागा कमी आहेत, पैसा सुरुवातीला कमी आहे, आणि काम बहुतांश उन्हात चालायचं, विष्ठा गोळा करायचं आणि रात्री आकडे भरायचं आहे. तरीही वाटा आहेत. एमपीएससीतून वनसेवेची आणि यूपीएससीतून भारतीय वनसेवेची परीक्षा देता येते. वनसेवेला विज्ञान, कृषी, अभियांत्रिकी असे ठरावीक विषय लागतात, त्यामुळे पदवीला प्रवेश घेतानाच अट वाचा. अभ्यासकच व्हायचं असेल तर देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था आहे, बंगळूरूला राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात वन्यजीवशास्त्राचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. संख्याशास्त्राची भीती मात्र काढून टाका, निम्मं काम तेच आहे.

आणि सुरुवात आजपासून होऊ शकते. तुमच्या गावच्या पाणवठ्यावर दर रविवारी तासभर बसा. तारीख, वेळ, काय दिसलं, किती दिसलं, एवढंच वहीत लिहा. माजलगावच्या धरणावर हिवाळ्यात येणारे पक्षी मोजा. सुट्टीत फडावर जाणार असाल, तर बिबट्या कुठं, किती वाजता दिसला ते टोळीतल्या माणसांना विचारून टिपून ठेवा. बाहेरून आलेल्या शास्त्रज्ञाला जी माणसं दबकून उत्तरं देतात, ती तुमच्याशी मोकळं बोलतील. मुकादम, उचल, वाढं, कोपी हे शब्द तुम्हाला शिकवावे लागणार नाहीत. हे भांडवल देहरादूनलाही मिळत नाही.

दोन वर्षांनी तुमच्या कॉलेजकडं अशा पन्नास वह्या असतील, तर त्या घेऊन वनविभागाच्या ऑफिसात जा आणि पदाची मागणी करा. 'इथं जंगल आहे कुठं?' असं तिथंही कुणी विचारलं, तर वही उघडून समोर ठेवा.