वणव्याचा आरोपी कोण?

उन्हाळा तोंडावर आला की जंगलातील वणव्यांच्या बातम्या सुरू होतात आणि आरोपीही लगेच ठरतो : मोह वेचणारा, तेंदूपान तोडणारा आदिवासी! मोहाखालचा पालापाचोळा पेटवला जातो आणि ती आग कधी हाताबाहेर जाते, हे आम्ही नाकारत नाही. परंतु आग म्हणजे काय हे समजून न घेता माणसाला दोषी ठरविणे, ही या देशातील जुनीच खोड आहे.

सगळ्या आगी सारख्या नसतात. पाचोळा थोडा, हवा थंड आणि वारा शांत असेल तर आग जमिनीलगत सरकत जाते. उष्णता वर जाते. दोन-चार बोटे खालची माती फारशी तापत नाही. मुळे जगतात, राखेतील पालाश आणि चुना मातीला मिळतो. तीच आग एप्रिल-मेच्या उन्हात, वर्षानुवर्षे साचलेल्या पाचोळ्यावर आणि चढावर लागली तर पुढचे गवत आधीच तापवीत वर धावते. मातीतील कुजलेला अंश जळतो, नत्र धुरावाटे निघून जाते आणि पहिल्याच वळवात उघडी माती वाहून जाते. दरवर्षी असेच घडले तर जाड सालीची जुनी झाडे तेवढी तगतात, रोपे मरतात. जंगलाला पुढची पिढीच उरत नाही.

हा फरक कोणाला ठाऊक होता? कर्नाटकातील बिळिगिरी रंगन डोंगरातील सोलिगा आदिवासींना होता. ते हिवाळ्याच्या अखेरीस पाचोळ्याची हलकी आग लावीत. १९७४ साली तेथे अभयारण्य झाले आणि ही आग गुन्हा ठरली. पुढे घाणेरीने जंगल व्यापले. हलक्या आगीने घाणेरीची रोपे आणि आवळ्यावरचे बांडगूळ आटोक्यात राहत होते, असे सोलिगा सांगत राहिले. संशोधकांना त्यांचे म्हणणे गांभीर्याने घ्यायला अनेक वर्षे लागली. ज्ञान अमुकाकडेच असते आणि राबणाऱ्याकडे नसतेच, ही मनूची शिकवण जंगलातही पोहोचली होती!

इंग्रजांचा १९२७ चा वन कायदा पाहा. कलम २६ नुसार राखीव जंगलात मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने आग लागली, तर त्या भागातील चराईचे व वनोपजाचे सर्व हक्क सरकार स्थगित करू शकते. म्हणजे आग एकाने लावावी, चूल सगळ्यांची विझावी! कलम ७९ नुसार वणवा विझविण्यास हेच हक्कदार बांधील. सबळ कारणाविना गेले नाहीत तर एक महिन्यापर्यंत कैद. कर्तव्य सक्तीचे, अधिकार मात्र मर्जीचा. आम्हाला ही व्यवस्था ओळखीची वाटते. गावकीच्या याच जोखडाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले होते.

२००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला जंगल राखण्याचा व त्याचे व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला. गडचिरोलीतील मेंढा-लेखाने तो २००९ साली, तर सोलिगांनी २०११ साली मिळविला. मग जाळरेषा कोठे काढायची, पाचोळा केव्हा आणि कसा हटवायचा, हे ग्रामसभेने ठरवावे आणि वणवा प्रतिबंधाचा निधीही तिच्याच हाती द्यावा. आगीशी झुंजणाऱ्याला मजुरी आणि विमा मिळालाच पाहिजे.

आदिवासींना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून जंगल वाचणार नाही. त्यांना निर्णयाच्या जागी बसवा, वणवे आपोआप आवरू लागतील!