चाकांवरचें बिऱ्हाड

सांगलीच्या एका सेवानिवृत्त दांपत्यानें यापुढें मोटारगाडींतच राहून देशभर फिरावयाचें ठरविलें असून, वाड्यांतील आपला वाटा विकून ती गाडी सजवावी कीं काय, असा सल्ला आम्हांस विचारला आहे. मुलगे परदेशीं, प्रकृति ठणठणीत. घरांतील वडील मंडळींना हा पोरखेळ वाटतो. आम्हांस तसा वाटत नाहीं. वानप्रस्थ हा शब्द आपण नातवंडांना कौतुकानें शिकवितों. परंतु कोणी खरोखरच प्रस्थान ठेवूं लागला म्हणजे आपला जीव घाबरा होतो, हें चमत्कारिक होय.

शिवाय सांगलीस फिरतें बिऱ्हाड नवें नाहीं. विष्णुदास भाव्यांनीं १८४३ सालीं ‘सीतास्वयंवर’ केलें तें श्रीमंत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयानें. १८५१ सालीं श्रीमंत निवर्तले, तेव्हां भाव्यांची मंडळी दौऱ्यावर निघाली आणि १८५३ सालीं मुंबईस पोंचली. अंकलखोपच्या विष्णुपंत छत्र्यांनीं १८८० सालीं सर्कस काढली. तेथें तर माणसांबरोबर घोड्यांच्याहि दाणावैरणीचा प्रश्न! मात्र त्या मंडळींस मुक्काम उत्पन्न देत असे. या दांपत्यास प्रत्येक मुक्काम खर्चच देणार, हा भेद विसरूं नये.

आतां हिशेब. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो भार. शंभर लिटरांची टाकी भरली कीं जुन्या मापानें पावणेतीन मण ओझें गाडीवर चढलें. दोघांनीं काटकसरीनें रोज चाळीस लिटर वापरलें तरी तिसरे दिवशीं नळ शोधणें आलें. विजेचेंहि तसेंच. बारा व्होल्टची शंभर अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर १२०० वॅट-तास देते. ती जुन्या शिशाच्या जातीची असल्यास निम्मीच वापरावी. पंचवीस वॅटचा पंखा रात्रीं दहा तास चालला कीं त्यांतले अडीचशें गेले. विजेच्या शेगडीचें नांव काढूं नये. आणि जुन्या गाडींत पलंग-ओटा बसवून तिचें रूप पालटावयाचें तर परिवहन कार्यालयाची मंजुरी आधीं घ्यावी.

परिव्राजकास देखील आपल्या शास्त्रकारांनीं वर्षाकालीं एके ठिकाणीं राहावयास सांगितलें आहे. तें उगाच नव्हे. महाबळेश्वरीं वर्षास पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तें पाणी कृष्णेंतून सांगलीस येतें. आयर्विन पुलापाशीं धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टांत पाणी ५७ फुटांवर गेलें होतें. सबब चातुर्मास्य पक्क्या व उंचावरच्या छपराखालींच काढावें. तें छप्पर विकून टाकल्यास आषाढांत जावयाचें कोठें? वाटा विकूं नये. आठ महिने भाड्यानें द्यावा. आजारपण आलें तरी परतावयास घर राहील, आणि सरकारी कागदांस पत्ताहि राहील. निवृत्तिवेतनाचा हयातीचा दाखला नोव्हेंबरांत आतां कोठूनहि देतां येतो, ती अडचण उरली नाहीं.

यजमानांच्या पत्रांत बॅटरीवर दोन पानें आहेत, स्वयंपाकावर एक ओळहि नाहीं. शेवटीं सौभाग्यवतींनीं आपल्या हातानें लिहिलें आहे: “दिवसांतून एक तास मला एकटीला बसावयास त्यांत जागा कोठें?” सबंध पत्रांत हाच प्रश्न आम्हांस खरा वाटला, आणि त्याचें उत्तर वहींत मांडून निघणार नाहीं. एकत्र कुटुंबांत माजघर, ओसरी, तुळशीचा कट्टा असतो. रुसावयाससुद्धां जागा लागते. सहा फूट रुंदीच्या खोलींत रुसून जाणार कोठें?

तेव्हां गाडी घेण्यापूर्वीं तीन आठवडे भाड्याची घ्यावी. महाराष्ट्र सरकारनें २०२१ सालीं अशा गाड्यांच्या पर्यटनाचें धोरण आंखलें आहे. सातारा, वाई, मग पसरणीच्या घाटानें पांचगणी आणि महाबळेश्वर असें जावें. चढावर भरल्या टाकीचा भार कळेल. उतरतांना खालच्या गिअरांत राहावें, ब्रेकवर विसंबूं नये. परत आल्यावर दोघांनीं आपापलें मत निरनिराळ्या कागदांवर लिहावें, आणि वहिनींचा कागद आधीं वाचावा.