तपासायचे पैसे

आमच्या दारात १९९९ सालची मारुती ८०० उभी आहे. पांढरी, कार्बोरेटरची, सासऱ्यांनी हौसेने घेतलेली. हे मॉडेल निघायचं २०१४ मध्ये बंद झालं, पण आमची अजून चालते. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी पासिंग करून घ्यायचं, विमा भरायचा, एवढीच तिची मागणी. पुण्याचा मुलगा दर दिवाळीला म्हणतो, "आई, आता स्क्रॅपला देऊन टाका." मी चहा ओतते आणि विषय बदलते. सासूबाई ८६ वर्षांच्या आहेत. रिक्षाची पायरी त्यांना चढवत नाही. या गाडीची सीट बरोबर त्यांच्या बेताची आहे. त्यांचं देऊळ आणि त्यांचा दवाखाना दोन्ही या गाडीवर चालतं.

मागच्या पावसाळ्यात या गाडीने आम्हाला चांगलंच दमवलं. त्यातून माझं एक मत तयार झालं, ते आज मांडते. आपण गाडीच्या पार्टचे पैसे निमूटपणे देतो, पण दोष शोधायचे पैसे देत नाही. म्हणून दोष शोधलाच जात नाही, पार्ट मात्र बदलले जातात.

झालं असं. चातुर्मासात आम्ही बाहेरगावी जात नाही, त्यामुळे गाडी बरीचशी उभीच असते. एका सकाळी यांनी चावी फिरवली, तर नुसतं "टक्". परत फिरवली, परत "टक्". जवळच्या गॅरेजवाल्याला बोलावलं. त्याने बॉनेट उघडलं, बॅटरीवरची तारीख पाहिली आणि म्हणाला, "तीन वर्षं झाली, बॅटरी गेली." नवी बॅटरी बसवली, ३,९०० रुपये. गाडी सुरू झाली. बारा दिवस ठीक चालली आणि मग परत "टक्".

आता दुसरा मेकॅनिक. तो म्हणाला, "बॅटरी नवी आहे, म्हणजे स्टार्टर." स्टार्टर काढून नेला, ब्रश आणि बुश बदलले, २,५०० रुपये. गाडी सुरू झाली. आम्ही निश्चिंत.

त्याच भरवशावर भाद्रपदात सासूबाईंना डोळे तपासायला मिरजेला नेलं. दुपारचा नंबर होता, पाचला मोकळे झालो. सासूबाई बाहेरचं काही खात नाहीत आणि सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाहीत. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून त्यांचा हा नेम मी पाहते आहे. साडेपाचपर्यंत सांगलीत पोचू, गरम भात तयार करू, असा माझा हिशोब होता. आवारात यांनी चावी फिरवली. "टक्".

पाऊण तास आम्ही झगडत होतो. कोणी म्हणालं पेट्रोल तपासा, कोणी म्हणालं प्लग काढा. सासूबाई मागच्या सीटवर डोळ्यांत औषध घातलेल्या अवस्थेत शांत बसून होत्या. शेवटी वॉचमन आणि दोन रिक्षावाल्यांनी धक्का दिला, यांनी दुसऱ्या गिअरवर क्लच सोडला आणि गाडी एका झटक्यात सुरू झाली. पण रस्त्यावर गर्दी होती. घरी पोचलो तेव्हा देवघरात दिवा लावण्याइतका अंधार पडला होता. सासूबाई म्हणाल्या, "असू दे गं, एका रात्रीने काय होतंय." आणि तशाच झोपल्या. दुपारी अकराला जेवलेलं ते म्हातारं माणूस, पाण्याच्या थेंबाशिवाय. त्या रात्री मलाही घास उतरला नाही. ६,४०० रुपये खर्चून मी काय विकत घेतलं होतं, हा प्रश्न डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवशी शेजारच्यांनी गावभागातल्या एका जुन्या मिस्त्रींचं नाव सांगितलं. ते फक्त गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करतात. ते आले, पण बॉनेटला हात लावला नाही. आधी प्रश्न विचारले. "वहिनी, इंजिन नुसतं टक् करतं की घरघर फिरतं?" नुसतं टक्. "धक्का दिला की लगेच सुरू होते?" लगेच. "चावी फिरवताना हेडलाइट मंद होतात?" मी म्हटलं, "नाही, मिरजेत समोरच्या भिंतीवर उजेड तसाच लख्ख होता." ते हसले. "मग बॅटरी चांगली आहे. जुनीही चांगलीच असणार."

हे मी त्याआधी दोघांनाही सांगू शकले असते, पण कोणी विचारलं नाही आणि मीही बोलले नाही.

त्यांनी मला जे समजावलं ते सोप्या शब्दांत सांगते, कारण ते प्रत्येक घरात उपयोगी पडेल. इंजिन जोरात फिरतं पण पेटत नाही, तर दोष पेट्रोलकडे किंवा ठिणगीकडे. इंजिन फिरतच नाही, तर दोष बॅटरी, स्टार्टर किंवा त्यांच्यामधल्या वायरींकडे. धक्क्याने लगेच सुरू झाली, तर पेट्रोल आणि ठिणगी ठीक आहेत, तिकडे पैसे घालवू नका. चावी फिरवल्यावर दिवे विझल्यासारखे झाले, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या टोकांवरची पकड ढिली आहे. दिवे लख्ख राहिले आणि इंजिन हललं नाही, तर बॅटरीत दम आहे, पण तो स्टार्टरपर्यंत पोचत नाही.

मी विचारलं, दिवे लागतात, हॉर्न वाजतो, मग स्टार्टरच का नाही? ते म्हणाले, हेडलाइटचा ६० वॉटचा दिवा ५ अँपिअर घेतो, स्टार्टरला शंभराच्या आसपास लागतात. मला लगेच आमचा गच्चीवरचा नळ आठवला. पाइपात क्षार साठले की तांब्या भरतो, बादली भरत नाही, तसंच हे.

मग त्यांनी मीटर काढला. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला, आणि यांना चावी फिरवायला सांगितलं. वायर चांगली असेल तर अर्ध्या व्होल्टच्या आतच आकडा दिसायला हवा. आमचा ६ च्या वर गेला. म्हणजे बारा व्होल्टमधले निम्मे वाटेतच अडकत होते. खात्रीसाठी त्यांनी एक जाड जंपर केबल मायनसपासून थेट इंजिनला लावली. चावी फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू.

दोष होता अर्थिंगच्या वायरीत. बॅटरीच्या मायनसची एक वायर बॉडीला जाते, दुसरी खाली गिअरबॉक्सला. बॉडीची ठीक होती, म्हणून दिवे लख्ख. खालची मात्र बोल्टपाशी हिरवी-पांढरी होऊन कुजली होती. मिस्त्रींनी विचारलं, "गाडी पुरात होती का?" २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी शिरलं तेव्हा गाडी चाकं बुडेपर्यंत पाण्यात होती. तेव्हा ऑइल बदललं, सीट वाळवल्या, पण त्या बोल्टकडे कोणी पाहिलं नाही. पाणी ओसरलं, गंज मात्र आतल्या आत वाढत राहिला.

मग आधी दोनदा गाडी सुरू कशी झाली? नव्या बॅटरीच्या वेळी आणि स्टार्टर काढता-लावताना ती वायर हलली, तेवढ्यापुरती पकड बसली. दोघांनाही आपलं निदान खरं वाटलं. आम्हालाही वाटलं.

वायर बदलून, जागा पॉलिश पेपरने घासून झाल्यावर मी पैसे विचारले. "दीडशे." मी म्हटलं, "आणि तासभर तपासलंत त्याचे?" ते म्हणाले, "तपासायचे कोण देतं वहिनी? मी स्टार्टर गेला म्हटलं असतं तर तुम्ही तीन हजार न बोलता दिले असते. वायरीचे तीनशे सांगितले तर लोक भांडतात."

मला वाईट वाटलं, कारण ते खरं होतं. मीच भांडले असते. भाजीवालीशी नाही, पण मिस्त्रीशी नक्की.

मी बी.कॉम. आहे. नोकरी केली नाही, पण चाळीस वर्षं घरखर्चाची वही ठेवते आहे. कॉलेजात ट्रायल बॅलन्स जुळला नाही की सर सांगायचे, आधी फरकाकडे बघा. फरकाला ९ ने भाग जात असेल तर आकडे उलटसुलट लिहिलेत का पाहा, ५४ च्या जागी ४५. फरकाच्या निम्मी रक्कम वहीत सापडली तर ती चुकीच्या बाजूला पडली असेल. चुकीचा आकारच चूक कुठे ते सांगतो. ज्याला शोधायचा कंटाळा, तो फरक सस्पेन्स खात्यात टाकून मोकळा होतो. ताळेबंद जुळलेला दिसतो, चूक तशीच राहते. आमची नवी बॅटरी आणि दुरुस्त स्टार्टर ही ६,४०० रुपयांची सस्पेन्स खाती होती.

आधीचे दोघे चोर होते असं मी म्हणत नाही. तीन वर्षांची बॅटरी गेली म्हणणं काही वेडेपणाचं नाही. पण त्यांची कमाई पार्टवर आहे. अर्धा तास मीटर लावून "बॅटरी चांगली आहे" म्हणणाऱ्याच्या हातात आपण काय ठेवतो? काहीच नाही. मग तो का तपासेल? डॉक्टरांनी "काही झालेलं नाही, औषध नको" म्हटलं तरी आपण फी देतो. मिस्त्रीला मात्र फुकट बघून जायला सांगतो.

कोणी म्हणेल, फी घेतली आणि दोष सापडलाच नाही तर? तसंही होईल कधीतरी. पण तेव्हा तीनशे-चारशे जातील, सहा हजार नाही. आणि फी देणाऱ्याला विचारायचा हक्क मिळतो. कुठली तपासणी केली, मीटरवर किती आलं, जुना पार्ट दाखवा. फुकटात बघायला आलेल्या माणसाला हे विचारायची आपली जीभ उचलत नाही.

आपली बाजूही आपण सांभाळायला हवी. गाडी बंद पडली की कागदावर चार ओळी लिहा. आवाज कसा आला, दिवे मंद झाले का, धक्क्याने सुरू झाली का, इंजिन गरम होतं की गार. मिस्त्रीला आधी तो कागद द्या, मग चावी. आणि बायकांसाठी खास: बॅटरीजवळ हात घालण्याआधी सोन्याच्या बांगड्या, पाटल्या काढून ठेवा. प्लस आणि धातूच्या मध्ये बांगडी आली तर ती क्षणात लाल होते आणि हात भाजतो. टोकं काढताना मायनस आधी काढायचं, लावताना मायनस शेवटी.

मिस्त्रींना मी ५०० दिले. ते नको म्हणत होते, मी ऐकलं नाही. सासूबाई खिडकीतून म्हणाल्या, "दे गं, त्यांनी माझा भात वाचवला." मग मी पहिल्या गॅरेजवाल्याकडेही गेले आणि त्या वायरीबद्दल त्याला सांगितलं. तो थोडा ओशाळला, मग म्हणाला, "काकी, पुढच्या वेळी मीटर लावतो. पण त्याचे शंभर घेईन." मी म्हटलं, दोनशे घे.

माझ्या वहीत आता "गाडी दुरुस्ती"च्या खाली "गाडी तपासणी" असं वेगळं खातं आहे. वर्षभरात त्यात एकूण ७०० रुपये पडले. दुरुस्तीच्या खात्यात या वर्षी फक्त ती वायर आहे.