सैल दोरीची शिस्त

पुण्या-मुंबईच्या, आणि आता नाशिक-कोल्हापूरच्याही, वसाहतींतून सकाळी सहाच्या सुमारास एक मिरवणूक निघते. पुढे धापा टाकणारा कुत्रा, मध्ये ताणलेली साखळी आणि मागे ओढला जाणारा मालक, नाही तर मालकाचा गडी. कोण कोणाला फिरावयास नेत आहे, हा विनोद आता जुना झाला. थोड्या वेळाने मालकाचा संयम सुटतो, साखळीला जोराचा हिसका बसतो, कुत्रा खोकतो आणि क्षणभराने पुन्हा ओढू लागतो. हा हिसका म्हणजेच कुत्र्याला लावलेले वळण, अशी पुष्कळांची प्रामाणिक समजूत आहे. ती तपासून पाहणे अगत्याचे आहे. कारण तिचे परिणाम कुत्र्याच्या गळ्यापुरते मर्यादित राहत नाहीत.

या समजुतीला शतकाहून अधिक काळाची परंपरा आहे. जर्मनीत कोनराड मोस्ट यांचा श्वानशिक्षणावरील ग्रंथ १९१० साली प्रसिद्ध झाला. दोरीचा हिसका, खिळ्यांचा पट्टा आणि छडी यांना त्यात मानाचे स्थान होते. बक्षिसाचे मोल मोस्ट यांना ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. पण लोकांच्या लक्षात राहिली ती सक्ती. १९६२ मध्ये अमेरिकेत विल्यम केलर यांच्या पुस्तकाने हिसक्याचे हे शास्त्र घरगुती कुत्र्यांपर्यंत आणले, आणि १९८० साली बीबीसीच्या दूरचित्रवाणीवर बार्बरा वुडहाउस यांनी चोक चेन, म्हणजे ओढताच गळ्याभोवती आवळणारी साखळी, घराघरांत परिचित केली. जोडीला एक सिद्धांतही होता. कुत्रा हा लांडग्याचा वंशज. लांडग्यांच्या कळपात बळी तो कान पिळी. सबब मालकाने कळपाचा म्होरक्या झाले पाहिजे. वस्तुतः रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली ज्या लांडग्यांवरून निष्कर्ष मांडले, ते बाझलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेले होते. रानातल्या लांडग्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केलेल्या डेव्हिड मीच यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले, की मोकळ्या लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पिले असे एक कुटुंबच असते. तुरुंगातले वर्तन पाहून घरातले नियम ठरवावेत, तसाच हा प्रकार झाला.

कुत्रा ओढतो तो सत्तेसाठी नव्हे. त्याची चाल माणसाच्या चालीहून जलद असते, आणि कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबावर त्याला आदल्या रात्रीचे अख्खे वर्तमानपत्र हुंगावयाचे असते. तो ओढतो, मालक चार पावले त्याच्या मागे जातो, खांब गाठला जातो. ओढल्याने काम होते, हा धडा त्याला स्वतः मालकच रोज देत असतो. तो पुसावयाचा तर दोरी ताणली की जागच्या जागी थांबावे, ती सैल झाली की चालावे, आणि कुत्रा गुडघ्याजवळून चालत असेल त्याच क्षणी त्याच्या तोंडात भाकरीचा किंवा उकडलेल्या कोंबडीचा लहानसा तुकडा पडावा. त्याच क्षणी, चार-पाच सेकंद उशीर झाला तर बक्षीस भलत्याच कृतीला मिळते. पिलू असेल तर आधी घरातच पट्ट्याची सवय व्हावी. पट्टा आणि मान यांमध्ये दोन बोटे सहज शिरावीत. पहिल्या आठवड्यात वाण्याच्या दुकानापर्यंत पोचावयास अर्धा तास लागेल, आणि इथेच बहुतेकांचे घोडे पेंड खाते. हिसक्याला वेळ लागत नाही. त्याचे खरे आकर्षण तेच आहे.

हिसक्याने काहीच साधत नाही, असे म्हणणे मात्र खरे नव्हे. वेदनेने वर्तन थांबते. प्रश्न असा, की ते थांबत असताना कुत्रा आणखी काय शिकतो? ठराविक आवाजानंतर अन्न येते हे कळले की नुसत्या आवाजानेच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, हे पावलॉव्ह यांचे प्रयोग शाळकरी मुलांनाही ठाऊक आहेत. तोच नियम इथे उलटा चालतो. समोरून दप्तर घेतलेले मूल येते, कुत्रा कुतूहलाने पुढे सरकतो, त्याचा गळा आवळतो. असे वारंवार घडले की मूल दिसणे हीच वेदनेची चाहूल ठरते. मग एके दिवशी तो गुरगुरतो. गुरगुरल्याबद्दल पुन्हा हिसका बसतो आणि गुरगुरणेही बंद पडते. मालकाला वाटते, कुत्रा सुधारला. वस्तुतः गेली ती फक्त पूर्वसूचना. भीती जिथल्या तिथे आहे. ‘कधी नव्हे तो एकदम चावला’ या तक्रारीमागे पुष्कळदा असा इतिहास असतो.

शरीरावरचे परिणाम वेगळेच. पट्ट्याने मान ओढली गेली की कुत्र्याच्या डोळ्यांतील दाब वाढतो, छाती-खांद्यांभोवतीच्या पट्ट्याने तसे होत नाही, असे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. पोर्तुगालमध्ये ९२ कुत्र्यांचे निरीक्षण करून २०२० साली प्रसिद्ध झालेला अभ्यासही बोलका आहे: शिक्षेवर भर देणाऱ्या वर्गांतील कुत्र्यांत तणावाची लक्षणे अधिक दिसली.

शिक्षकवर्गाला हा वाद नवा वाटू नये. छडीशिवाय विद्या येत नाही, असे पिढ्यान्‌पिढ्या मानले गेले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेला बंदी घातली, तेव्हाही ‘आता मुले हाताबाहेर जाणार’ अशी कुजबुज झालीच. शिस्त आणि धाक यांतील अंतर ज्यांना वर्गात ओळखता येते, त्यांना ते दोरीच्या टोकाशीही ओळखता यावे.

यावरून कुत्रे मोकळे सोडावेत असा अर्थ काढणाऱ्या हौशी श्वानप्रेमींचीही कमतरता नाही. धर्मराजाच्या मागोमाग हिमालय चढणाऱ्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा नव्हता, हे खरे. पण त्या वाटेवर सिटी बसही नव्हत्या. रस्त्यावर दोरी हवीच. ज्याला कुत्र्याची भीती वाटते त्याची भीती खरी असते, आणि ‘आमचा काही करत नाही हो’ या आश्वासनाने ती जात नाही. परंतु ही दोरी गाडीच्या ब्रेकसारखी, संकटकाळी उपयोगी पडणारी असावी. तिने गाडी हाकावयाची नसते.

तिसरा प्रकार सर्वांत वाईट आणि सर्वांत दुर्लक्षित: फाटकाशी हातभर साखळीने दिवसभर जखडलेला ‘राखणीचा’ कुत्रा. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या अकराव्या कलमात अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी काळ बांधणे हा गुन्हा सांगितला आहे. नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला व्यायाम न देणे हाही. पहिल्या गुन्ह्यासाठी ठरविलेला दंड होता दहा ते पन्नास रुपये! एवढ्या दंडाला भिऊन कोणी साखळी सोडील, ही अपेक्षाच व्यर्थ.

कुत्र्याचा परवाना देताना महापालिका रेबीजच्या लसीचा दाखला मागतात. त्याच खिडकीवर पट्टा कसा बांधावा, दोरी कशी धरावी, किती वेळ फिरवावे आणि कायदा काय म्हणतो, हे सांगणारे एक पानी मराठी पत्रक प्रत्येक मालकाच्या हाती देता येईल. त्यासाठी नवा कायदाही नको आणि नवी समितीही नको.