डिस्चार्जआधी कान तपासा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस



जिवाणूजन्य मेंदूज्वरातून मूल वाचते, ताप उतरतो आणि ‘प्रकृती सुधारली’ असा शेरा मारून त्याला घरी सोडतात. त्याला ऐकू येते का, हे मात्र अनेकदा कुणी पाहिलेले नसते.

ते पाहणे का गरजेचे, हे समजायला या आजारात प्रतिकारपेशी काय करतात ते पाहावे लागते. मेंदूभोवतीच्या पाण्यात एरवी पांढऱ्या पेशी नगण्य असतात, घन मिलिमीटरला साधारण पाचाच्या आत. पहारा असा विरळ असल्याने न्यूमोकोकससारखा जिवाणू तिथे झपाट्याने वाढतो. मग रक्तातून न्यूट्रोफिल पेशींची रीघ लागते आणि आकडा हजारावर जातो. या पेशी जिवाणू गिळतात, दाहक रसायने सोडतात, स्वतःच्या डीएनएचे चिकट धागे फेकून त्यांना अडकवतात. याची झळ मेंदूला आणि आतल्या कानालाही बसते. त्यात प्रतिजैविकाने फुटलेल्या जिवाणूंचे तुकडे दाह आणखी भडकवतात. म्हणून दाह शमवणारे डेक्सामेथासोन प्रतिजैविकाच्या पहिल्या डोसाआधी किंवा सोबत देतात. हिब जिवाणूच्या मेंदूज्वरात त्याने बहिरेपणा कमी होतो. पण मलावीतल्या मुलांवर झालेल्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत फायदा दिसला नाही. तेव्हा केवळ त्यावर विसंबणे धोक्याचे.

हा दाह एका बारीक नळीवाटे कानाच्या शंखापर्यंत, म्हणजे कॉक्लियापर्यंत पोचतो. पुढे त्या पोकळीत तंतू आणि मग हाड भरू लागते, काही मुलांत तर थोड्याच आठवड्यांत. हाड भरले की ऐकू येण्यासाठी बसवायच्या कॉक्लिअर इम्प्लांटची तार आत सरकवणे कठीण होते. जन्मतः बहिऱ्या बाळाला मिळते तेवढी सवड या मुलाला नसते.

मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा जातात, शाळेत एकदा. मेंदूज्वरातून उठलेल्या मुलासाठी ही वाट फार लांबची. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांत श्रवण तपासणी डिस्चार्जपूर्वी, नाहीतर त्यानंतर चार आठवड्यांत करायला सांगितले आहे.

हिब आणि न्यूमोकोकसच्या लसी आता सरकारी लसीकरणात आहेत. त्यांनी आजार रोखला जातो. पण ज्यांना तो होऊन गेला, त्यांच्यासाठी शासन निर्णय हवा. मेंदूज्वर झालेल्या प्रत्येक मुलाची बेरा ही श्रवणचाचणी रुग्णालयातच व्हावी. यंत्र नसेल तर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची तारीख कार्डावर लिहूनच मूल घरी जावे. चाचणीत दोष आढळलेल्या मुलाचे स्कॅन आणि इम्प्लांटचा निर्णय नेहमीच्या प्रतीक्षायादीबाहेर, तातडीने व्हावा.

यासाठी नवी योजना नको. डिस्चार्ज कार्डावर ‘श्रवण तपासणी’ असा एक सक्तीचा रकाना हवा. आणि तो कोरा राहिला तर जाब कोणाला विचारायचा, हेही त्याच निर्णयात लिहिलेले हवे.

आपली,
एक श्रवणतज्ज्ञ