टर्बो, इथेनॉल आणि भिवापूरचा पंप

ऑफिसातल्या कुठल्याही ग्रुपमध्ये हल्ली एक तरी टर्बोवाला असतोच. गाडी घेऊन सहा महिने झाले, की त्याचा एकच प्रश्न सुरू होतो. ‘बॉस, रीमॅप करू का? आणि करायचंच तर इथेनॉलवरही पळेल असं कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?’

प्रश्न झकास आहे. पण उत्तर लॅपटॉपवर शोधण्याआधी पेट्रोलच्या टाकीत शोधायला हवं.

इथेनॉल म्हणजे टर्बोचा जिगरी दोस्त. त्याचा ऑक्टेन जास्त, शिवाय वाफ होताना ते आतली हवा थंड करतं. त्यामुळे इंजिन ‘नॉक’ न करता जास्त बूस्ट आणि आगाऊ स्पार्क सहन करतं. ब्राझीलमध्ये २०१७ साली आलेल्या फोक्सवॅगन पोलोचं १ लिटरचं टर्बो इंजिन पेट्रोलवर ११६ हॉर्सपॉवर देतं आणि इथेनॉलवर १२८. इंजिन तेच, टाकीत काय आहे ते ओळखून सॉफ्टवेअर हिशेब बदलतं. फ्लेक्स फ्युएलचा फंडा तो हाच!

आता दुसरी बाजू. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी. निव्वळ पेट्रोल जाळायला त्याच्या १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. म्हणजे तेवढ्याच हवेत इंधन बरंच जास्त ओतावं लागतं. तुमचे इंजेक्टर आणि हाय प्रेशर पंप तेवढं देऊ शकले नाहीत, तर जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर ते देऊ शकत नाही.

बाजारात तीन पर्याय आहेत. पहिला, पिगीबॅक बॉक्स. तो सेन्सरचे सिग्नल बदलून कंपनीच्या ईसीयूला चकवतो. स्वस्त, लावायला-काढायला सोपा, पण इथेनॉल किती आहे याचा त्याला सहसा पत्ता नसतो. दुसरा, रीफ्लॅश. यात मूळ ईसीयूमधलीच फाइल बदलतात. ईक्यूटेक, एचपी ट्यूनर्स, कॉब ही यातली जगभर चालणारी नावं. पण प्रत्येकाची गाड्यांची यादी ठरलेली आहे. तुमचा ईसीयू यादीत नसेल, तर विषय तिथेच संपला. तिसरा, स्टँडअलोन ईसीयू. तो रेस ट्रॅकवर शोभतो; रोज हिंजवडी किंवा मिहानला जाणाऱ्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

फ्लेक्स फ्युएलचं खरं ट्यूनिंग हवं असेल, तर इंधनाच्या पाइपमध्ये इथेनॉल सेन्सर हवा. ही चीज मजेदार आहे. शुद्ध पेट्रोलला तो ५० हर्ट्झचा सिग्नल देतो, शुद्ध इथेनॉलला १५० हर्ट्झचा. ७० दिसलं तर समजा, टाकीत ई-२० आहे. सॉफ्टवेअर दोन नकाशे ठेवतं आणि या आकड्यानुसार त्यांचं मिश्रण करतं. ट्यूनरला एक प्रश्न जरूर विचारा: सेन्सर बंद पडला तर काय? ‘स्पार्क आपोआप साध्या पेट्रोलच्या नकाशावर येतो आणि बूस्ट उतरतो’ असं उत्तर आलं तरच पुढे बोला.

आता जरा नागपूरच्या बाजूला या. फ्लेक्स फ्युएलचे देशातले सगळ्यात मोठे प्रचारक, नितीन गडकरी, इथलेच खासदार. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांनी इथेनॉलवर चालणाऱ्या इनोव्हाचा नमुना दाखवला. मार्च २०२४ मध्ये इंडियन ऑइलने निवडक पंपांवर इथेनॉल १०० आणलं, त्यात महाराष्ट्रही होता. पण ‘निवडक’ या शब्दावर बोट ठेवा.

समजा, तुम्ही फक्त ई-८५ चा नकाशा टाकला आणि वीकेंडला उमरेडमार्गे भिवापूरला मिरची आणायला निघालात. परतताना काटा लालवर. पंपावरचा भाऊ म्हणेल, ‘पेट्रोल टाकू का साहेब?’ त्याच्याकडे आहे ते ई-२०. ई-८५ साठी पुढे ओढलेला स्पार्क आणि चढवलेला बूस्ट त्या पेट्रोलला झेपणार नाही. इंजिन नॉक करेल, आणि भर रस्त्यात पाय दाबलात तर पिस्टनचं बिल पगारापेक्षा मोठं येईल.

म्हणून आज आपल्याकडे शहाणा पर्याय एकच. सगळीकडे मिळणाऱ्या ई-२० वर, तुमच्याच गाडीत लॉगिंग करून बनवलेला सौम्य रीफ्लॅश. सोबत नॉक, बूस्ट आणि फ्युएल ट्रिमचे आकडे हातात मागा, मूळ फाइल परत टाकून मिळेल हे लिहून घ्या. वॉरंटीवर पाणी सोडायची तयारी ठेवा आणि विमा कंपनीला बदल कळवा. यातलं काही नको असेल तर गाडी आहे तशी चालवा, तीही काही कमी पळत नाही.

भिवापूरची मिरची नावाजलेली आहे, पण म्हणून कुणी वाटीभर तिखट रश्श्यात ओतत नाही. आधी रस्सा किती आहे ते बघतात. बूस्टचंही तसंच आहे, बॉस!