करमाफी आणि कर्जमाफी

गोदाकाठच्या पुणतांब्यात शेतकऱ्यांनी संपाचा निर्धार केला आणि १ जून २०१७ पासून महाराष्ट्रातील शहरांचे दूध व भाजीपाला अडला. मागणी साधी होती: कर्जमुक्ती आणि शेतमालाला रास्त भाव. त्याबरोबर अर्थशास्त्राचे सारे पुरोहित एका सुरात विचारू लागले, पैसा आणायचा कोठून? कर्जमाफीने प्रामाणिक परतफेडीची वृत्ती ढासळते, असा इशारा रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांनी त्याच एप्रिलमध्ये देऊन ठेवला होता. अखेर २४ जून रोजी राज्य सरकारने ३४,०२२ कोटी रुपयांची योजना जाहीर केली, तीही दीड लाखाच्या मर्यादेत आणि अटींच्या कुंपणात.

पैसा कोठून आणायचा, हा सवाल आंतरराष्ट्रीय क्रीडासोहळ्यांच्या वेळी मात्र कोणाच्या ओठी येत नाही. २०११ सालच्या क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना मुंबईत वानखेडेवर झाला. दुबईत ठाण मांडून बसलेल्या आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेला त्या स्पर्धेसाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने करमाफी दिली. परिषदेचे अध्यक्ष त्या वेळी शरद पवार होते, आणि देशाचे कृषिमंत्रीही तेच होते. येथे व्यक्ती गौण आहे, न्याय कोणता हे महत्त्वाचे. क्रिकेटच्या नफ्याला माफी दिली की देशाची प्रतिष्ठा वाढते. शेतकऱ्याच्या तोट्याला दिली की पतशिस्त बिघडते!

दिल्लीतील २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांचा इतिहास हेच सांगतो. २००३ साली यजमानपद मागताना खर्चाचा अंदाज २९७ कोटींचा होता. महालेखापरीक्षकांच्या २०११ च्या अहवालात तो आकडा १८,५३२ कोटींवर गेलेला दिसतो. चर्चा झाली ती पुण्याचे तत्कालीन खासदार व संयोजन समितीचे अध्यक्ष सुरेश कलमाडी यांच्यावरील आरोपांची. मनी लॉन्डरिंगच्या प्रकरणात तपास बंद करण्याचा अहवाल न्यायालयाने २०२५ मध्ये स्वीकारला. पण एका पैचाही अपहार झाला नसता, तरी मूळ अन्याय टळला नसता. अनुसूचित जातींच्या विकासासाठी राखलेले सातशे कोटींहून अधिक रुपये दिल्ली सरकारने या स्पर्धांशी निगडित कामांकडे वळविले होते. ते चूक होते, हे केंद्रीय गृहमंत्र्यांना राज्यसभेत मान्य करावे लागले.

१९८२ च्या दिल्ली एशियाडची मैदाने व पूल उभारणाऱ्या मजुरांना ९ रुपये २५ पैसे हे किमान वेतनही पुरते मिळत नव्हते. जमादार त्यातला रुपया कापून घेत. किमान वेतनाहून कमी मोबदल्यात राबविणे ही वेठबिगारीच होय, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाला त्या प्रकरणात द्यावा लागला.

आम्ही खेळाचे वैरी आहोत काय? मुळीच नाही. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले, ते लोकवर्गणीच्या बळावर. त्यांच्या प्राचार्यांनी त्यासाठी स्वतःचे घर गहाण टाकले होते. मल्लाला प्रवासखर्च न देणारे राज्य सोहळ्यासाठी तिजोरी उघडते, तेव्हा लाभ खेळाचा होत नाही; सिमेंटचे ठेकेदार, जमिनीचे दलाल आणि प्रक्षेपणहक्कांचे व्यापारी यांचा होतो.

आता २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाल्या आहेत. २०३६ च्या ऑलिंपिकसाठी भारत प्रयत्न करील, ही घोषणा तर ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतच झाली. ऑलिंपिकचा करार तोट्याची जोखीम यजमानाच्या पदरी टाकतो. मॉन्ट्रिअलने १९७६ मध्ये ऑलिंपिक भरविले आणि त्याचे कर्ज फिटायला २००६ साल उजाडले. तेथे पतशिस्तीची आठवण कोणाला झाली?

म्हणून कार्यकर्त्यांनी गावोगावच्या सभांतून तीन मागण्या लावून धराव्यात. यजमानपदाचा करार व संपूर्ण अंदाजपत्रक सही होण्यापूर्वी संसदेपुढे यावे. दलित-आदिवासींच्या निधीला हात लागू नये आणि बांधकाम मजुरांचे वेतन कायद्याप्रमाणे पुरते हाती पडावे. आणि ज्या राज्याला परदेशी क्रीडासंस्थांना करमाफी परवडते, त्याने पुणतांब्याच्या शेतकऱ्याला पुन्हा कधीही ‘पैसा कोठून आणायचा’ असे विचारू नये.